जुन्या इलेक्ट्रिक गिटारी : घडविणारे हात आणि वाजविणारे हात

तंतुवाद्यांचा इतिहास लिहिणाऱ्यापुढे एक अडचण नेहमीच उभी राहते. सतारीचे किंवा सरोदचे आजचे रूप नेमके कोणत्या साली आणि कोणाच्या हातून सिद्ध झाले हे सांगू गेल्यास घराण्यांच्या आठवणी, जुन्या कागदांतील त्रोटक उल्लेख आणि बऱ्याचशा दंतकथा यांतूनच वाट काढावी लागते. इलेक्ट्रिक गिटारीच्या बाबतीत ही अडचण जवळजवळ नाही. १९३१ ते १९६१ या तीस वर्षांत हे वाद्य अमेरिकेत कल्पिले गेले, घडले आणि आजही प्रचारात असलेल्या आपल्या मुख्य रूपांपर्यंत पोहोचले. पेटंटांचे कागद, कारखान्यांच्या नोंदी, त्या वेळच्या किमती आणि प्रत्यक्ष वाद्ये हे सारे उपलब्ध आहे. त्यामुळे घडविणाऱ्याच्या मनात काय होते, बाजाराने काय ठरविले आणि वादकाने त्यातून काय काढले, या तीन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात. तशा त्या ठेवल्या की ध्यानात येते, की या तिघांचे क्वचितच जमले. आज ज्या गिटारींना सर्वाधिक मान आहे, त्यांपैकी एक तर तिच्याच कारखान्याने खप नाही म्हणून बंद केली होती.

या वाद्याची गरज निर्माण झाली ती आवाजाच्या दुबळेपणातून. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत अमेरिकेत मोठे नृत्यवृंद लोकप्रिय झाले. पितळी वाद्ये आणि ताशे यांच्या गजरात पोकळ लाकडी गिटारीचा आवाज ऐकूच येत नसे. याच सुमारास, १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर, हवाई बेटांवरील मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याच्या गिटारीचे वेड देशभर पसरले होते. जॉर्ज बीचम हा असाच एक रंगमंचावरचा गिटारवादक. त्याने लॉस एंजेलिस येथे १९३१ मध्ये एक प्रयोग सिद्धीस नेला. पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसविले, तर तार कंप पावताच चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह उत्पन्न होतो. तो ध्वनिवर्धकातून मोठा करता येतो. या योजनेलाच आज ‘पिकअप’ म्हणतात. अॅडॉल्फ रिकनबॅकर या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या, साचे व हत्यारे बनविणाऱ्या कारखानदाराच्या साहाय्याने १९३२ पासून ही गिटार ओतीव अॅल्युमिनियमची तयार होऊ लागली. गोल धड आणि लांब दांडी यांमुळे तिला लोकांनी ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे तळणीचा तवा, असे नाव दिले. रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेने धातू प्रसरण पावे आणि लावलेले स्वर हलत, हा तिचा मोठा दोष होता. तरीही एक मूलभूत सत्य तिने सिद्ध केले : या वाद्याच्या ध्वनीला पोकळ पोटाची गरज नाही. मांडीवरच्या या गिटारीचीच एक शाखा पुढे आपल्याकडे रागसंगीतात रुजली. ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेतून, शिवकुमार शर्मा यांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी यांच्या सोबतीने, घरोघरी पोहोचली, हे अनेक वाचकांना आठवत असेल.

छातीशी धरून वाजविण्याच्या गिटारीला मात्र हे सत्य पचविण्यास आणखी वीस वर्षे लागली. मिशिगन राज्यातील कॅलमझू येथील गिब्सन कंपनी ही १९०२ पासूनची, मँडोलिन आणि गिटारी कोरून घडविणाऱ्या कारागिरांची पेढी. तिने १९३६ मध्ये आपल्या पोकळ गिटारीवरच पिकअप बसवून ती बाजारात आणली. ध्वनिवर्धकासह दीडशे डॉलर किंमत, म्हणून तिचे नाव ‘ईएस-१५०’. चार्ली ख्रिश्चन या तरुण कृष्णवर्णीय वादकाने १९३९ पासून बेनी गुडमनच्या वृंदात ती वाजविली आणि गिटार ही केवळ ताल धरणारी नसून सनईसारखी एकल बोलू शकते हे दाखवून दिले. परंतु आवाज फार वाढविला की ध्वनिवर्धकातून निघालेल्या लहरी पोकळ धडाला पुन्हा हलवीत, तो कंप पुन्हा पिकअपमध्ये शिरे आणि कर्कश शिट्टी सुरू होई. यावर उपाय एकच, धड भरीव करणे. लेस पॉल या वादकाने १९४० च्या सुमारास चार इंच रुंद आणि चार इंच जाड पाइनच्या ओंडक्यावर तारा चढवून तो करून पाहिला. मात्र श्रोत्यांना ते गिटारीसारखे दिसावे म्हणून एका पोकळ गिटारीच्या दोन बाजू कापून त्याने त्या ओंडक्याच्या दोन्ही अंगांना जोडल्या होत्या. कानाला न लागणारी वस्तू डोळ्यांसाठी लागत होती, ही नोंद लक्षात ठेवण्याजोगी आहे.

भरीव गिटार कारखान्यातून प्रत्यक्ष निघाली ती वाद्यकारागिराच्या नव्हे, तर रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातून. लिओ फेंडर (जन्म १९०९) हा शिक्षणाने हिशेबनीस. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग खात्यात तो हिशेबाचे काम करीत असे. मंदीच्या काळात ती नोकरी गेली, त्यानंतरची दुसरीही गेली, आणि १९३८ मध्ये त्याने फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान उघडले. त्याला गिटार वाजविता येत नव्हती. बिघडलेले यंत्र खोलावे, निकामी भाग काढावा, नवा बसवावा आणि गिऱ्हाइकाला परत द्यावे, ही त्याची विचार करण्याची रीत होती, आणि त्याने गिटारही त्याच रीतीने आखली. १९५० मध्ये आलेली आणि १९५१ पासून ‘टेलिकास्टर’ या नावाने स्थिरावलेली त्याची गिटार म्हणजे अॅश लाकडाची एक सपाट फळी आणि तिला चार स्क्रूंनी बसविलेली मेपलची दांडी. निराळी पट्टी न लावता पडदे दांडीतच ठोकलेले. पडदे झिजले तर सारी दांडी बदलावी, असा सरळ हिशेब. डोक्यावरच्या सहाही खुंट्या एकाच बाजूला, म्हणजे तारा सरळ रेषेत जातात आणि हात चटकन पोहोचतो. प्रारंभी या गिटारीचे नाव ‘ब्रॉडकास्टर’ होते. परंतु ग्रेच कंपनीचे ताशे त्याच उच्चाराच्या नावाने विकले जात असल्याने ते सोडावे लागले आणि मधल्या काही महिन्यांत गिटारी नावाशिवायच बाहेर पडल्या. आज संग्राहक नेमक्या त्याच निनावी गिटारींसाठी अधिक पैसे मोजतात.

गिब्सनचे उत्तर १९५२ मध्ये आले. लेस पॉल हा तोवर अत्यंत लोकप्रिय झाला होता आणि कंपनीने त्याचेच नाव नव्या गिटारीला दिले. कंपनीचा अध्यक्ष टेड मॅकार्टी हा अभियंता. योगायोग असा, की त्यालाही गिटार वाजविता येत नव्हती. पण त्याच्या हाताशी कॅलमझूचे जुने कारागीर होते. फेंडरला न जमणारी गोष्ट करून दाखवावी, म्हणून त्यांनी महोगनीच्या जाड धडावर मेपलचा थर चिकटवला आणि तो व्हायोलिनच्या पाठीसारखा वक्र कोरला. दांडी महोगनीची, खाचेत बसवून सरसाने पक्की केलेली. वर सोनेरी रंग. पहिल्या वर्षीच्या गिटारींत दांडीचा कोन इतका कमी राहिला, की तारा घोडीवरून नेण्याऐवजी तिच्या खालून न्याव्या लागल्या आणि तळहाताने तारा दाबून वाजविण्याची लेस पॉलची स्वतःचीच लकब तिच्यावर अशक्य झाली. ही चूक १९५३ मध्ये सुधारली गेली.

या दोन घराण्यांच्या गिटारी हातात घेतल्यावर जो फरक जाणवतो, तो केवळ आवडीनिवडीचा नाही. त्याला मापे आहेत. फेंडरच्या तारेची वाजती लांबी २५.५ इंच, तर गिब्सनची नोंदीप्रमाणे २४.७५ इंच. हा पाऊण इंचाचा फरक क्षुल्लक वाटेल. पण एकाच जाडीची तार एकाच स्वराला लावली, तर तिच्यावरचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे फेंडरवर तो सुमारे सहा टक्के अधिक असतो. त्यामुळे फेंडरची तार बोटाखाली ताठ आणि चपळ लागते. गिब्सनची किंचित सैल, मऊ आणि वळणारी. दुसरा फरक पडद्यांच्या पट्टीच्या उंचवट्याचा. जुन्या फेंडरची पट्टी ७.२५ इंच त्रिज्येच्या नळीवरून काढल्यासारखी गोलसर, तर गिब्सनची १२ इंच त्रिज्येची, म्हणजे बरीच सपाट. गोलसर पट्टीवर एक बोट आडवे टाकून सहाही तारा दाबणे सोपे जाते, पण वरच्या पडद्यांवर तार बाजूला ओढून मींड काढू गेल्यास ती मध्येच पुढच्या पडद्याला टेकते आणि स्वर गुदमरतो. सपाट पट्टीवर ही अडचण कमी. सतारीइतकी लांब मींड येथे साधत नाही हे खरे, परंतु एक-दीड स्वरांची ओढ हाच या वाद्याचा गळा आहे, आणि तो गळा पट्टीच्या वक्रतेवर अवलंबून राहतो.

ध्वनीतील फरकही असाच कारणांनी सांगता येतो. फेंडरच्या एकेरी वेटोळ्याच्या पिकअपचा स्वर स्वच्छ, धारदार, काहीसा घंटेसारखा. मात्र आसपासच्या विजेच्या तारांचा गुणगुणाट तो तितक्याच आस्थेने पकडतो. सुरुवातीला गिब्सनचे पिकअपही एकेरीच होते. १९५५ मध्ये कंपनीतील सेथ लव्हर या तंत्रज्ञाने दोन वेटोळी शेजारी ठेवून, त्यांचे वळण आणि चुंबकाची दिशा परस्परांविरुद्ध करून, बाहेरचा गुणगुणाट आपोआप रद्द होईल आणि तारेचा ध्वनी मात्र दुणावेल अशी युक्ती काढली. १९५७ पासून ही ‘हमबकर’ पिकअप लेस पॉल गिटारीवर बसू लागली. त्यांचा स्वर भरदार, गोल आणि जोरकस असतो.

दरम्यान फेंडरने १९५४ मध्ये ‘स्ट्रॅटोकास्टर’ आणली. ही गिटार म्हणजे वादकांच्या तक्रारींचे एक संकलनच होते. टेलिकास्टरच्या चौकोनी कडा बरगड्यांत आणि हाताच्या कोपराखाली रुततात, असे वादक सांगत. तेव्हा पाठीमागून पोटाजवळचा आणि पुढून हाताखालचा भाग तासून काढला. प्रत्येक तारेची लांबी निराळी जुळवता आली पाहिजे, अशी मागणी होती. घोडीचे सहा तुकडे केले. स्वर थरथरविण्यासाठी स्प्रिंगांवर तोललेला एक दांडा आला. तिचा आराखडा कागदावर उतरविण्यात फ्रेडी टव्हारेस याचा मोठा वाटा होता. तो हवाई बेटांत जन्मलेला आणि स्वतः हवाईयन गिटार वाजविणारा. किंमत थरथर-दांड्यासह २४९.५० डॉलर. तिच्यावर तीन पिकअप होते आणि ते निवडण्यासाठी तीन टप्प्यांची कळ. फेंडरच्या मते एका वेळी एकच पिकअप वाजावा हे पुरेसे होते. पण वादकांना असे आढळले, की कळ दोन टप्प्यांच्या मधोमध अलगद अडकवून ठेवली, तर दोन पिकअप एकत्र वाजतात आणि एक निराळाच पोकळसर, मधुर स्वर निघतो. कारखान्याने पाच टप्प्यांची कळ दिली ती १९७७ मध्ये. म्हणजे वादकांच्या बोटांनी लावलेला शोध कारखान्याच्या आराखड्यात उतरायला वीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला. शासकीय सेवेत नियम करणाऱ्यापेक्षा तो रोज राबविणाऱ्या कारकुनालाच त्यातल्या मधल्या वाटा अधिक ठाऊक असतात, तसेच हे झाले.

यापेक्षाही मोठा धडा लेस पॉल गिटारीचा आहे. १९५८ मध्ये सोनेरी रंग सोडून गिब्सनने तिला मेपलचे रेषांचे लाकूड दिसेल असा तांबूस-पिवळा रंग दिला. १९५८ ते १९६० या काळात अशा गिटारी सुमारे दीड हजार निघाल्या, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. दांड्या हाताने घासून आकाराला आणल्या जात असल्याने त्यांतही फरक : १९५८ च्या जाड, १९५९ च्या मध्यम, १९६० च्या पातळ. तरीही विक्री समाधानकारक नव्हती. चार किलोंच्या आसपासचे वजन, जुनाट घडण आणि मोठी किंमत हे दोष तिच्या माथी आले. १९६१ मध्ये कंपनीने तो आकार बंद केला आणि पातळ, दोन शिंगांची, हलकी गिटार आणली. तीच पुढे ‘एसजी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. लेस पॉलचा अध्याय संपला, असा कारखान्याचा निर्णय होता.

तो निर्णय उलटविला तो इंग्लंडमधील तरुणांनी. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीताने भारलेली ही मुले जुन्या गिटारी विकत घेऊन वाजवू लागली. एरिक क्लॅप्टन याने १९६६ मध्ये जॉन मेयॉल याच्याबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेत लेस पॉल गिटार मार्शल बनावटीच्या ध्वनिवर्धकातून, त्याचा आवाज मर्यादेपलीकडे वाढवून वाजविली. सेथ लव्हरने वेटोळी दुहेरी केली होती ती आवाज स्वच्छ व्हावा म्हणून. परंतु त्या जोरकस संकेताने ध्वनिवर्धकाच्या नळ्या अतिभाराखाली आल्या, आवाज फाटला, आणि त्या फाटण्यातच स्वर लांबवर टिकून राहू लागला. जी गोष्ट अभियंत्यांनी दोष मानून टाळली होती, तिच्यातून एका पिढीला आपला आवाज सापडला. जड महोगनी, सरसाने जोडलेली दांडी, सैल तार, सपाट पट्टी हे कालचे अवगुण एका रात्रीत गुण ठरले. मागणी इतकी वाढली, की गिब्सनला १९६८ मध्ये ती गिटार पुन्हा सुरू करावी लागली. इकडे जिमी हेंड्रिक्स या डावखुऱ्या वादकाने उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून, तारा पुन्हा उलट क्रमाने चढवून, आणि केवळ हलक्या थरथरीसाठी दिलेला दांडा तारा पार सैल होईपर्यंत दाबून असे काही ध्वनी काढले, की लिओ फेंडरला ते आपल्याच वाद्याचे आहेत हे ओळखणे कठीण जावे.

ज्या काळात वादक ही वाद्ये नव्याने शोधीत होते, त्याच काळात कारखाने हात बदलत होते. प्रकृती खालावल्यामुळे लिओ फेंडरने जानेवारी १९६५ मध्ये आपली कंपनी सीबीएस या प्रसारण संस्थेला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. गिब्सनही दशकाच्या अखेरीस एका मोठ्या उद्योगसमूहाच्या, नॉर्लिनच्या, ताब्यात गेली. उत्पादन वाढले; १९७१ पासून अनेक स्ट्रॅटोकास्टरवर चार स्क्रूंच्या जागी तीनच स्क्रू आले; पातळ लाखेच्या जागी प्लॅस्टिकसारखे जाड लेपन आले. नव्या गिटारींत ती जुनी जाणीव नाही, अशी कुजबुज सुरू झाली आणि ‘विंटेज’ हा शब्द वाद्यबाजारात रूढ झाला. कॅलमझूचा जुना कारखाना १९८४ मध्ये बंद पडला. काही कारागीर गाव सोडून जाण्यास तयार नव्हते. त्यांनी १९८५ मध्ये त्याच इमारतीत हेरिटेज नावाची स्वतःची कंपनी काढली. त्याच वर्षी फेंडर कंपनी तिच्याच अधिकाऱ्यांनी सीबीएसकडून विकत घेतली. त्याच्या थोडे आधी, १९८२ मध्ये, फेंडरने आपल्याच जुन्या गिटारींच्या प्रतिकृती विकायला प्रारंभ केला होता.

मग जुन्या गिटारी खरोखरच श्रेष्ठ आहेत काय? या प्रश्नाचे उत्तर भाबडेपणाने देऊ नये, तसेच उपहासानेही देऊ नये. हाताने घासलेली दांडी, पन्नास-साठ वर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेल्या कडा, लाखेचा पातळ थर या गोष्टी बोटांना खरोखर कळतात. परंतु त्या काळातल्या साऱ्याच गिटारी चांगल्या नव्हत्या. ज्या बेताच्या होत्या त्या मोडल्या, फेकल्या गेल्या, त्यांच्यात फेरफार झाले; जपल्या गेल्या त्या बहुधा चांगल्या. कालाने केलेली ही निवड आपण घडविणाऱ्याच्या खात्यावर जमा करतो. २०१० मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे २१ वादकांना अंधूक चष्मे घालून तीन जुनी इटालियन आणि तीन नवी व्हायोलिने वाजवायला दिली होती. त्यांत सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्रॅडिव्हेरियसला, आणि सर्वाधिक एका नव्या व्हायोलिनला. तो प्रयोग गिटारींचा नव्हता हे खरे. पण डोळ्यांनी वाचलेले साल हाताला काय सांगते, याविषयी त्याने सावध केले आहे.

या कथेतला एक धागा आपल्या सह्याद्रीपर्यंत येतो. फेंडरने १९५९ पासून मेपलवर शिसवीची पट्टी चढवायला सुरुवात केली; गिब्सनच्या गिटारींवर ती पूर्वीपासून होती. हे लाकूड ब्राझीलचे. तेथील जंगले आटू लागली, तेव्हा १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात गिटार कारखाने भारतीय शिसवीकडे वळले. बेळगाव, कारवार, मलबार या बाजूंच्या रानांत वाढणारी, आपल्या जुन्या वाड्यांतील पलंग-कपाटांची तीच शिसवी. ब्राझीलच्या शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ मध्ये जवळजवळ बंद झाला. २०१७ मध्ये भारतीय शिसवीसह त्या कुळातील सर्वच झाडांवर परवान्यांचे बंधन आले आणि तयार वाद्यांना त्यातून २०१९ मध्ये सूट मिळाली. शंभर वर्षे वाढलेले झाड अर्धा सेंटिमीटर जाडीची पट्टी होऊन जगभर हिंडते. जुन्या गिटारीचा हव्यास योग्य की अयोग्य हे ठरविताना हाही हिशेब मांडला पाहिजे. जे वाद्य अस्तित्वात आहे ते दुरुस्त करून वाजते ठेवणे, हे त्या झाडाचेही ऋण फेडणे आहे.

म्हणूनच जुन्या गिटारींना आजकाल जे स्थान मिळाले आहे, त्याविषयी मन साशंक होते. २०१९ मध्ये डेव्हिड गिलमोर या वादकाची काळी स्ट्रॅटोकास्टर लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. रक्कम धर्मादाय कार्याला दिली गेली, हे स्तुत्यच. परंतु १९५९ च्या कित्येक लेस पॉल गिटारी आता तिजोरीत किंवा काचेआड आहेत आणि तेथे त्यांच्या तारांना कोणाचे बोट लागत नाही. गिब्सनने १९६१ मध्ये तिला निकामी ठरविले, ते विक्रीच्या वहीत पाहून. आज तिला अमूल्य ठरविले जाते, तेही किमतीच्या वहीत पाहूनच. या दोन्ही वह्यांच्या मधल्या काळात, म्हणजे १९६१ पासून १९६८ पर्यंत, ती दुकानांत स्वस्तात पडून होती आणि ज्यांच्याजवळ नवी घेण्याइतके पैसे नव्हते अशी मुले ती घरी नेत होती. तिची खरी परीक्षा झाली ती त्या सात वर्षांत.